‘लोड जास्त झाला म्हणून बॅगा मागे ठेवल्या’ हे विमान कंपन्यांचं कारण खरं असतं का? आणि भरपाई मिळते का?

खरं असतं. निदान लेहला तरी असतं. तिथे एक उन्हाळा मी लोडशीट (विमानात किती वजन कुठे आहे त्याचा हिशेबाचा कागद) बनवण्याचंच काम केलंय, म्हणून छातीठोकपणे सांगतो. आता तुम्ही प्रश्नात जोडलेली दुसरी तक्रार, म्हणजे तिकीट हातात असून दारात अडवणं. जागांपेक्षा जास्त तिकिटं विकून कंपनीने तसं केलं असेल तर तो निव्वळ धंदा. या दोन गोष्टींची खिचडी तुम्ही केलीय. आमचे थोरले साडूही करतात, आणि दर लग्नात, दर मुंजीत मला ऐकवतात.

झालं असं. मी तिकडे आहे म्हणून अण्णा (साडूच ते) पुण्याहून सगळा गोतावळा घेऊन लडाख बघायला आले. परतीच्या दिवशी दिल्लीहून येणारं विमानच उशिरा आलं, ऊन चांगलं चढल्यावर. लेहचा विमानतळ 10,600 फुटांच्या वर. हवा आधीच विरळ, त्यात तापली की आणखी विरळ. मग पंखांना उचल कमी आणि इंजिनांचा जोरही कमी. तिथली विमानं सकाळी लवकर उडवतात त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे दुपारचा वारा. 2024 च्या जुलैअखेरीला तर उष्म्यामुळे लेहची विमानं थेट रद्द करावी लागली होती.

पारा जसा वर जातो तसं उड्डाणाचं कमाल वजन खाली येतं. दोन्ही इंजिनं चालू असताना विमान उचलेल की नाही हा प्रश्नच नसतो. ऐन धावपट्टीवर एक इंजिन गेलं, तर उरलेल्या एकावर ते समोरच्या डोंगरांवरून सुखरूप निघेल का, हे बघायचं असतं. कॅप्टनने नवा आकडा दिला. कार्गो उतरवलं, भागलं नाही. मग बॅगा.

माणसं का नाही उतरवली? एक माणूस उतरवला की त्याची बॅग होल्डमधून (विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यातून) हुडकून काढा, कारण प्रवासी चढला नाही तर त्याचं सामान न्यायचं नाही हा सुरक्षेचा नियम आहे. उलट बॅग मागे राहिली तर पुन्हा तपासून, रश टॅग (तातडीने पाठवायच्या सामानाची चिठ्ठी) लावून पुढच्या विमानाने पाठवता येते. दाराजवळच्या बॅगा आधी निघाल्या, त्यात अण्णांच्याही. त्यांच्या बॅगा ठेवून दुसऱ्याच्या काढायला सांगणं मला शक्य होतं. मी सांगितलं नाही, आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

कंपनीचं चुकलं ते दिल्लीत. कोणाकोणाच्या बॅगा राहिल्या त्याची यादी आम्ही विमान उडताच कळवली होती. तरी तिथे कोणी ब्र काढला नाही. ही मंडळी पट्टा रिकामा फिरताना बघत उभी. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या त्याच बॅगेत. अण्णांचा फोन आला, ‘काय हो, घरचा माणूस विमानतळावर असून आमच्याच बॅगा राहतात?’ बॅगा दुसऱ्या दिवशी दिल्लीला आल्या, पण तोवर यांची पुण्याची गाडी सुटली होती. घरी पोचायला आठवडा लागला. या बाबतीत अण्णा शंभर टक्के बरोबर आहेत, आणि हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं होतं.

पण ‘चार बॅगांनी काय विमान पडतं?’ हे त्यांचं पालुपद मात्र चूक. एक तर चार नव्हत्या, अख्ख्या विमानाचा हिशेब होता. दुसरं म्हणजे प्रवाशाला कोणी काट्यावर उभं करत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाचं वजन हातातल्या बॅगेसकट 75 किलो धरतात. अण्णा बॅगेशिवायच त्याच्या बरेच पुढे आहेत. म्हणजे कागदावरच्या आकड्यात आधीच थोडी श्रद्धा असते. अमेरिकेत शार्लटला जानेवारी 2003 मध्ये एक छोटं विमान उडताक्षणी पडलं, 21 माणसं गेली. शेपटीकडच्या एलेव्हेटरची (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या फळीची) जुळणी चुकली होती हे खरं, पण सरासरी वजनं धरल्यामुळे विमान मर्यादेपेक्षा जड आणि मागच्या बाजूला झुकलेलं होतं, हेही चौकशीत निघालं. त्यानंतर तिकडे सरासरी वजनं वाढवली.

आता तुमची भरपाई. अडवलं तर काउंटरवर आधी विचारा : जागा नाही की वजन? उत्तर लेखी मागा. डीजीसीएचा (म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा) नियम जागांपेक्षा प्रवासी जास्त झाल्याबद्दल बोलतो. आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे. ते नसतील आणि अडवलेल्या माणसाला तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर काही नाही. 24 तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाडं अधिक इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्यापुढे चौपट, कमाल 20,000. म्हणून तर काउंटरवाल्यांना ‘ऑपरेशनल रीझन’ म्हणायला इतकं आवडतं. वजनाचं निमित्त सांगतात आणि मागून स्टँडबायवाले (जागा मिळाली तर जाऊ म्हणून थांबलेले) चढताना दिसतात, तेव्हा भांडा, बिनधास्त भांडा.

बॅग आली नाही तर पीआयआर (सामान न मिळाल्याच्या तक्रारीचा फॉर्म) भरल्याशिवाय विमानतळ सोडू नका. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांची, औषधांची बिलं जपा. बॅग मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार, मोडतोड असेल तर 7 दिवसांत. देशांतर्गत प्रवासात कंपनीची जबाबदारी माणशी 20,000 रुपयांपर्यंतच, त्यामुळे सोनंनाणं त्यात टाकू नका. औषधं हातातल्या पिशवीत. अण्णांनी यातलं काहीच केलं नव्हतं, फॉर्मसुद्धा भरला नव्हता. सगळा क्लेम माझ्यावर.

वरचे आकडे मी शेवटचे पाहिले तेव्हाचे आहेत. दावा करण्याआधी डीजीसीएच्या साइटवर एकदा बघून घ्या. आणि हे सगळं लेहच्या अनुभवावरून लिहिलंय. मुंबईसारख्या समुद्रसपाटीवरच्या लांब धावपट्टीवरून भर थंडीत कोणी ‘लोड’ म्हणालं, तर मीसुद्धा आधी संशयच घेईन.