हवामान खात्याने ‘सरासरीइतका पाऊस’ सांगितलाय, मग पऱ्हाटी (कपाशी) जूनच्या सुरुवातीलाच टोबावी का? (नागपूर जिल्हा)

नाही. तो आकडा अख्ख्या देशाचा आणि चार महिन्यांचा असतो: देशाची अनेक वर्षांची सरासरी 87 सेंमी, तिच्या 96 ते 104 टक्के म्हणजे ‘सरासरीइतका’. तुमच्या शिवारात पाऊस कोणत्या आठवड्यात पडेल, हे त्यातून कळतच नाही. त्यावरून फार तर वाण आणि कर्जाचा हिशेब ठरवा.

पेरणीसाठी दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज बघा. त्यातले पहिले दोन आठवडे भरवशाचे. तिसरा-चौथा नुसता कल म्हणून वाचा. मग मंगळवार-शुक्रवारचा जिल्हा कृषी सल्ला, तो ‘मेघदूत’ ॲपवर मिळतो.

कोरडवाहू काळ्या जमिनीत 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय टोबू नका. फसगत होते ती इथेच: वळवाच्या 25-30 मिमीवर बी उगवतं, वरचा थर दोन-तीन दिवसांत सुकतो आणि पुढे दहा-बारा दिवस उघाड पडली की कोंब करपतात. मग दुबार पेरणी, बियाण्याचा खर्च दुप्पट. खड्डा करून वीतभर खाली ओल आहे का ते हाताने बघा. कोणत्याही ॲपपेक्षा ते खात्रीचं.

ओलिताची सोय असेल तर गोष्ट वेगळी. पण गुलाबी बोंडअळीमुळे तेव्हाही मे महिन्यात लागवड नकोच.