बाबांचा शर्ट दुकानातच राहू दे

मावशी, माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. दिवसभर चिडचिड, चावणं, भिंतीवर डोकं आपटणं. झोप धड नाही, बोलतोही मोजकंच. आमचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान घराच्या खालीच आहे. हे जुन्या बॅटऱ्या फोडतात, प्लेटा काढतात, शिसं वितळवतात आणि पोरगा सतत यांच्या पायात. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, रक्तातलं शिसं तपासून घ्या. हे म्हणतात, ‘मी पंधरा वर्षं शिशात हात घालतोय, मला कुठं काय झालं? बीपीची गोळी चालू झालीय तेवढीच.’ सासूबाईंच्या मते दृष्ट लागलीय. हट्टी म्हणून मी त्याला बरेचदा मारलंय, आता ते आठवून रात्री डोळा लागत नाही. यांच्याशी कसं बोलू? मला परत दिवस गेलेत, तिसरा महिना आहे.

बाळा, आधी माराचं बोलू, कारण तुझी झोप त्यानंच उडालीय. तुला वाटलं पोरगं मुद्दाम करतंय, म्हणून हात उचललास. आजपासून तो हात खाली. तो आपटायला लागला की उचलून घे, पाठीला घट्ट धर, बोलू नकोस. समजावणी तो शांत झाल्यावर, तीही एका वाक्यात.

आता शिसं. अंगणवाडीच्या ताई शहाण्या आहेत, त्यांना माझा नमस्कार सांग. शिसं शरीरात शिरलं की कॅल्शियमचं सोंग घेतं. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते कॅल्शियमच्या भरवशावर. तिथं हा तोतया जाऊन बसतो. रागाला आवर घालणं, थांबणं, एका जागी टिकणं ही कामं मेंदूचा पुढचा भाग करतो. तो भाग तीन वर्षांच्या मुलात अजून घडतोय, आणि शिसं त्या घडणीतच पाय घालतं. अमेरिकेत १९७९ साली हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी पहिली-दुसरीतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यांतलं शिसं मोजलं. ही मुलं दिसायला ठणठणीत होती. पण ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांच्याबद्दल शिक्षकांनी लिहिलं होतं: लक्ष लागत नाही, चटकन बिथरतो, सांगितलेलं करत नाही. दातांत काय निघालं हे शिक्षकांना ठाऊकही नव्हतं.

म्हणून तुझ्या लेकाचं सगळं शिशानंच झालंय असं मात्र मी म्हणणार नाही. कमी बोलणाऱ्या मुलाचे कानही तपासावे लागतात, रक्तही कमी असू शकतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत येते. ताईंना सांगून तिच्यामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात त्याची वाढ-विकासाची तपासणी करून घे. रिपोर्टची वाट बघत हे लांबवू नकोस.

जावईबापूंचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. खाण्यातून पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पट जास्त शोषून घेतं. वर ते रांगणार, फरशीवरचं उचलून तोंडात घालणार. एकाच धुळीत दोघं उभे असले तरी दोघांच्या रक्तात सारखंच शिसं जात नाही. आणि ‘मला काय झालं’ म्हणताना ते बीपीची गोळी विसरले! शिशानं मोठ्या माणसांचं बीपी वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. त्यांचं बीपी शिशामुळंच आहे असं नाही, पण विचारण्यासारखं नक्की आहे.

आणि तुझी वाट मला इथंच दिसते. ‘तुमच्या धंद्यानं पोराचं वाटोळं केलं’ हे वाक्य मनातसुद्धा आणू नकोस. त्याच धंद्यावर घर चालतंय, आणि त्यांना हे कुणी कधी सांगितलेलंच नाही. दुपारी जेवण झाल्यावर म्हण, ‘तुमच्या बीपीचं मला टेन्शन आलंय. आपण सगळ्यांचंच रक्त तपासू.’ पोराच्या तपासणीला नाही म्हणणारा माणूस स्वतःच्या तपासणीला कधी कधी पटकन तयार होतो.

माझे वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे. कामाचा शर्ट ते तिथंच खुंटीला ठेवायचे आणि घरात पाऊल टाकायच्या आधी मोरीवर कोपरापर्यंत हात घासायचे. आम्ही पोरं धावत जायचो तर ओरडायचे, ‘थांबा, अजून शिवायचं नाही.’ तेव्हा राग यायचा. त्यांना हे कुणी शिकवलं होतं, विचारायचं राहून गेलं.

तुमच्याकडंही तेच करायचं. दुकानाचे कपडे आणि चपला दुकानातच. जमलं तर अंघोळही तिथंच, नाहीतर वर येऊन थेट मोरीत, आणि पोराला कडेवर घेणं त्यानंतर. प्लेटा फोडणं, शिसं वितळवणं घराखाली चालणार नाही; ते काम वस्तीपासून लांब न्यावं लागेल. हे सगळ्यांत अवघड आहे, खर्चाचंही आहे, पण त्याला पर्याय नाही. तोवर पोरगा दुकानाच्या पायरीवरसुद्धा नको. घरात झाडू मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. त्याला उपाशीपोटी ठेवू नकोस, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. लोह आणि कॅल्शियम कमी असलं तरी तेच होतं, म्हणून दूध, नाचणी, डाळ, पालेभाजी, वर लिंबू किंवा पेरू. सासूबाईंना दृष्ट काढू दे, मीठ-मोहरीनं काही बिघडत नाही. बाजारचा सुरमा मात्र डोळ्यांत नको, त्यात शिसंच असू शकतं.

रक्त शिरेतूनच काढायला सांग. बोटाला टोचलं आणि कातडीवर धूळ असली तर आकडा खोटाच वाढतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, रक्ताच्या डेसिलिटरला, म्हणजे १०० मिलिलिटरला, ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा. सुरक्षित असा आकडाच नाही. ४५ किंवा जास्त निघालं तर शिसं बाहेर काढायचं औषध देतात, गरज पडली तर दवाखान्यात ठेवून. ते औषध झालेलं नुकसान भरून काढत नाही, आणि घरात शिसं येतच राहिलं तर त्याचा उपयोगही नाही. ‘शरीर शुद्ध करतो’ म्हणणाऱ्या कुणाच्या पुड्या घेऊ नकोस. आकडा मोठा आला तरी खचू नकोस. येणं थांबलं की रक्तातलं शिसं काही महिन्यांत उतरायला लागतं, आणि या वयाचा मेंदू बोलण्या-खेळण्यातून बरंच कमावतो. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागं एकाच्या रक्तात ५ किंवा जास्त शिसं आहे. तू एकटी नाहीस.

आता तुझी शेवटची ओळ. तिसरा महिना आहे हे तू जाता जाता लिहिलंस, जशी वाणसामानाच्या यादीत खाली काडेपेटी. अगं, ते कपडे आजवर झटकले आणि धुतले कुणी? शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठतं, बाळाची हाडं घडवायला आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं तेव्हा त्याच्यासोबत बाहेर पडतं, आणि वारेतून बाळापर्यंत जातं. तेव्हा रक्त तुझंही तपासायचं. डॉक्टरांना ‘आमचं बॅटरीचं दुकान आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांग. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या ते सांगतील तशा घे, दोन्ही एकदम गिळू नकोस. आणि दुकानाच्या कपड्यांना आता तू हात लावायचा नाहीस. ते धुतील जावईबापू, वेगळ्या बादलीत, खालीच.

रिपोर्ट आले की तिघांचे आकडे कळव.

— तुझी मावशी