180 डॉलरची जागा आणि 1,45,000 डॉलरची आरव्ही

नमस्कार काका,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापासून सुरुवात करतो. तुम्ही लिहिलंय, "ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला ला पोसाच्या सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहायचा परवाना 180 डॉलरला मिळतो, म्हणजे हिवाळा जवळजवळ फुकटच." तो दर अनेक वर्षं होता हे खरं. निघण्याआधी ही जमीन सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ॲरिझोनातल्या यूमा कार्यालयात चालू दर विचारून घ्या. पण हे पैसे फक्त जमिनीचे आहेत. त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या आरव्हीचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीचा, रोजचा खर्च पत्रात कुठेच नाही, आणि निर्णय त्यावरच घ्यायचा आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: काका 68 वर्षांचे, काकू 66. मिशिगनमध्ये नोव्हायला घर आहे, त्यावर कर्ज नाही. दोघांची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, वर्षाला 55,200 डॉलर, आयआरएत, म्हणजे पैसे काढताना कर लागणाऱ्या निवृत्तीच्या खात्यात, 6,20,000, बँकेत 60,000. आयआरएतून ते दरवर्षी 24,000 काढतात. आता 1,45,000 ची नवी 32 फुटी क्लास ए, म्हणजे बससारखी मोठी, मोटरहोम घ्यायची म्हणतात. एक लाख आयआरएतून काढायचे आणि 45,000 चं कर्ज 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घ्यायचं. दर तिसऱ्या हिवाळ्यात दोघं पुण्याला जातात, ते चालूच राहणार आहे. आणि यूमामध्ये सामानासकट पार्क मॉडेल, म्हणजे आरव्ही पार्कमधलं छोटं बसवलेलं घर, त्यांना महिना 2,100 ला मिळतंय.

आधी कर. सध्या तुमचं फेडरल करपात्र उत्पन्न शून्यावर येतं. 2025 च्या नियमांनी स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी ठरावीक वजावट), 65 वरच्यांची वाढीव रक्कम आणि ज्येष्ठांची नवी प्रत्येकी 6,000 ची वजावट मिळून 46,700 होतात, आणि तुमचं करासाठी धरलं जाणारं सगळं उत्पन्न त्यात बसतं. त्याच वर्षात आणखी एक लाख काढले की दोन गोष्टी होतील. सोशल सिक्युरिटीचा फक्त 12,460 चा भाग आज उत्पन्नात धरला जातो, तो थेट 46,920 वर जाईल, म्हणजे कायद्याने जास्तीत जास्त धरता येतो तेवढा, 85 टक्के. शिवाय उत्पन्न दीड लाखावर गेल्यामुळे ज्येष्ठांची वजावटही थोडी कापली जाईल. फेडरल कर होतो सुमारे 17,700. मिशिगन राज्याच्या कराचा हिशेब वेगळा.

"अर्धे डिसेंबरात आणि अर्धे जानेवारीत काढले तर?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण तुमच्या बाबतीत त्याने फारसं काही हाती लागत नाही. 50,000 काढले तरी सोशल सिक्युरिटीचे 85 टक्के धरलेच जातात. दोन वर्षांचा मिळून कर साधारण 16,860, म्हणजे बचत 850 च्या आसपास. हाच कर कमी करायचा तर रक्कमच कमी काढायला हवी. फक्त 25,000 जादा काढले तर कर 3,850 च्या घरात राहतो.

विक्रेत्याने सांगितलेली व्याजाची करसवलत तुमच्या उपयोगाची नाही. झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेली आरव्ही दुसरं घर म्हणून धरता येते, हे बरोबर. पण ते व्याज वजा करायचं तर स्टँडर्ड डिडक्शन सोडावं लागतं, आणि घरावर कर्ज नसलेल्या जोडप्याला ते क्वचितच परवडतं. या कर्जाचा हप्ता महिना 456. आठ वर्षांनी, तुम्ही 76 चे असताना, अजून 28,400 देणं शिल्लक असेल. त्या वयात, कमी होत जाणाऱ्या किमतीच्या वस्तूवर हे ओझं मला बरं वाटत नाही.

आता एका रात्रीचा भाव. आठ हिवाळ्यांतले तीन पुण्यात जातील. उरलेले पाच, प्रत्येकी 110 रात्री, म्हणजे 550 रात्री. आठ वर्षांनी गाडीचे 55,000 आले असं धरू, तसं मी जरा सढळच धरलंय. किमतीतली घट आणि मिशिगनचा 6 टक्के विक्रीकर मिळून 98,700. आठ वर्षांचं व्याज 27,200. विमा, उरलेल्या महिन्यांत गाडी ठेवायची जागा आणि दुरुस्ती वर्षाला 5,200 धरले तर 41,600. बेरीज 1,67,500, म्हणजे रात्रीला 305 डॉलर. यात इंधन नाही, आणि मघाचा करही मी मुद्दाम धरलेला नाही, कारण 73 व्या वर्षापासून आयआरएतून सक्तीने पैसे काढावे लागतील तेव्हा त्यातला काही भाग तसाही भरावा लागेल. यूमाचं भाडं रात्रीला 70 पडतं.

पुण्याचा हिवाळा हिशेबात इतका जड का जातो, ते गाडीच्या यंत्रणेत आहे. उभी आरव्ही चालत्या आरव्हीइतकीच, कधी जास्तच, बिघडते. टायर झिजून जात नाहीत, उन्हाने आणि वयाने जातात. नक्षी कोरी दिसली तरी सहा-सात वर्षांत बदलावे लागतात, आणि क्लास एला ते सहा असतात. जनरेटर महिन्यातून एकदा तासदोन तास अर्ध्या लोडवर चालवला नाही तर पेट्रोलचा राप कार्ब्युरेटरमध्ये बसतो. छतावरचं सीलंट वर्षातून निदान दोनदा तपासून लावावं लागतं. तिथून हळूहळू मुरलेल्या पाण्याचं नुकसान विमा बहुधा देत नाही, आणि एकदा भिंतीचे थर सुटले की गाडीची किंमत निम्म्यावर येते. तुम्ही कोथरूडला असताना हे कोण बघणार?

आणि क्वार्ट्झसाइटला दिवस कसा जातो, तेही खर्चाच्या अंगाने बघा. जानेवारीत क्वार्ट्झसाइटला दुपारी 65 ते 70 फॅरनहाइट असतं, आणि पहाटे 40 च्या आसपास. ला पोसात जागेवर विजेचं कनेक्शन नाही. गाडी उबदार ठेवणारा फर्नेस प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा 12 व्होल्टवर 7-8 अँपियर ओढतो. रात्री आठ तासांत निम्मा वेळ चालला तरी 30 अँपियर-तास गेले. तुम्ही सीपॅप, म्हणजे झोपेत श्वासाला मदत करणारं यंत्र, वापरता. त्याचा हवा ओलसर करणारा गरम ह्युमिडिफायर चालू ठेवला तर आणखी तेवढेच. 100 अँपियर-तासांची साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच उतरवायची असते, म्हणजे हाताशी 50. पहाटे चारला व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो, हवेच्या दाबाने मिटणारा सेल स्विच मिटत नाही आणि बर्नर पेटतच नाही. माणसं फर्नेस बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावतात, दोष मात्र बॅटरीचा असतो. जनरेटर लावावा तर रात्री 10 ते 6 शांततेची वेळ. उपाय म्हणजे ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवणं, 200 अँपियर-तासांची लिथियम बॅटरी, छतावर 400 वॉटचे पॅनेल आणि लिथियमला चालणारा कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं उपकरण. हे 2,000 ते 3,500 डॉलरचं काम नव्या गाडीतही बहुधा करावं लागतं. तेव्हा किंमत ठरवतानाच विचारा.

प्रोपेनचंही बघा. 30,000 बीटीयूचा फर्नेस सलग चालला तर 20 पौंडी सिलिंडर 14 तासांत संपतो. मोटरहोममध्ये तर टाकी गाडीलाच पक्की बसवलेली असते. ती भरायला पायऱ्या, चटई, खुर्च्या आवरून अख्खं घर पंपावर न्यावं लागतं. पाण्याचं तसंच. दोघांना काटकसरीने दिवसाला 10 गॅलन लागतात, 40 गॅलनची टाकी चार दिवसांत तळाला जाते आणि ग्रे टँक, म्हणजे सांडपाण्याची टाकी, त्याच सुमारास भरतो. काकूंना आधीच सांगून ठेवा, फोडणीची कढई कागदाने पुसूनच धुवायची. तेल आणि भाताची पेज ग्रे टँकच्या सेन्सरवर बसली की तो कायम भरलेलाच दाखवतो. ब्लॅक टँकचा, म्हणजे शौचालयाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह दोन तृतीयांश भरेपर्यंत बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट मळ तळाशी साचतो. टाक्या रिकाम्या करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे नळी धुतली जाते. ही कामं जड नाहीत, पण दर चार-पाच दिवसांनी वाकून करायची आहेत, आणि काकूंच्या गुडघ्याचं तुम्हीच लिहिलंय.

मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, मुद्दा तुम्ही शेवटच्या ओळीत टाकलाय, मी तो वर आणला असता. तुमची मेडिकेअर ॲडव्हान्टेज एचएमओ आहे, म्हणजे ठरलेल्या डॉक्टरांच्या नेटवर्कपुरती चालणारी खासगी योजना. ॲरिझोनात तातडीचे उपचार ती देईल, पण फिजिओथेरपी किंवा नेहमीच्या तपासण्या मिशिगनच्या नेटवर्कबाहेर सहसा नाही. मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅप (तिच्यातून उरणारा खर्च देणारा खासगी विमा) देशभर चालतं, मात्र पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाल्यापासूनचे सहा महिने उलटल्यावर मेडिगॅप कंपनी बहुतेक वेळा तब्येत विचारून नकार देऊ शकते. तुम्हाला मधुमेह आहे. म्हणून मेडिगॅपचा होकार लेखी हातात आल्याशिवाय चालू योजना सोडू नका. नाहीतर 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबर या योजना बदलायच्या मुदतीत नेटवर्कबाहेरही पैसे देणारी पीपीओ बघा.

नोव्हायच्या घराचं एवढंच: मुख्य व्हॉल्व्ह बंद, नळ उघडून पाईप रिकामे, थर्मोस्टॅट 55 वर, आणि घर रिकामं असताना पाईप फुटला तर विमा कोणत्या अटीवर देतो ते एजंटकडून लेखी.

माझं मत स्पष्ट आहे: नवी क्लास ए घेऊ नका. या हिवाळ्यात यूमाचं पार्क मॉडेल दोन महिने घ्या, 4,200 डॉलर. जानेवारीत तीन आठवडे फिनिक्सहून 25 फुटी क्लास सी, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली लहान मोटरहोम, भाड्याने घेऊन ला पोसात राहा. ला पोसाचा 14 दिवसांचा छोटा परवानाही असतो, तीन आठवड्यांसाठी तो दोनदा घ्यावा लागेल. भाड्यात मैलांचे आणि जनरेटरचे पैसे वेगळे लागतात, ते आधी विचारा. भारतीय किराणा फिनिक्सच्या भागातून भरूनच निघा, पुढे 130 मैल वाळवंट आहे.

तीन आठवड्यांनंतरही दोघांची, दोघांचीच, इच्छा कायम असेल तर वापरलेली क्लास सी बघा. 55,000 पर्यंत, कर्जाशिवाय, 30,000 बँकेतून आणि 25,000 आयआरएतून. वर दुरुस्तीला जास्त धरूनही ती आठ वर्षांत रात्रीला 140 च्या आसपास पडते. यूमाच्या दुप्पट आहे हे खरं, पण हौसेला तेवढी किंमत तुमच्या शिलकीतून झेपते, 305 झेपत नाही. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपताना परतणारे लोक ॲरिझोनातच गाड्या विकायला काढतात, तेव्हा बघा. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या (ओव्हरकॅब) पलंगाची गादी उचलून कोपऱ्यात अंगठा दाबा. मऊ लागलं तर पाणी मुरलंय, तिथून निघा. गाडी कोरडी वाटली तर विसार देण्याआधी विक्रेत्याशी संबंध नसलेला आरव्ही इन्स्पेक्टर ओलावामापक घेऊन छतावर चढवा, आणि त्याचा अहवाल मला पाठवा. आयआरएतून किती आणि कोणत्या महिन्यात काढायचं ते त्यानंतर ठरवू.