शोधवृत्त छापून आल्यावर समभाग विकावेत का?

आपल्याकडे ज्या कंपनीचे समभाग आहेत, तिच्या हिशोबांवर संशय घेणारे शोधवृत्त एका प्रतिष्ठित वृत्तपत्राने छापले, कंपनीने त्याच दिवशी त्याचे खंडन केले आणि घसरलेला भाव काही दिवसांत पूर्ववत झाला. तेव्हा बाजाराने आरोप फेटाळले असे समजावे का, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते सावरलेल्या भावावरून आरोपांच्या खरेखोटेपणाबद्दल काहीच कळत नाही. त्यापेक्षा कंपनीचे खंडन काळजीपूर्वक वाचावे आणि त्यात आकड्याला उत्तर दिले आहे की आकडा मांडणाऱ्याला दूषणे दिली आहेत, हे पाहावे.

जर्मनीतील वायरकार्ड या ऑनलाइन देयकांच्या कंपनीचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहे. फायनान्शियल टाइम्सचे डॅन मॅक्रम यांनी 2015 पासूनच तिच्या ताळेबंदातील विसंगती दाखवायला सुरुवात केली होती. तरीही सप्टेंबर 2018 मध्ये कॉमर्झबँकेची जागा घेऊन ही कंपनी डॅक्स या प्रमुख निर्देशांकात दाखल झाली. जानेवारी 2019 मध्ये सिंगापूर कार्यालयातील बनावट करारांच्या संशयाची बातमी आली आणि भाव कोसळला. यावर जर्मनीच्या बाफिन या नियामकाने काय करावे? फेब्रुवारीत त्याने वायरकार्डच्या शॉर्ट सेलिंगवर, म्हणजे भाव पडेल या अपेक्षेने उसने समभाग विकण्यावर, दोन महिन्यांची बंदी घातली आणि पुढे चक्क पत्रकारांविरुद्धच फौजदारी तक्रार दाखल केली. सामान्य गुंतवणूकदाराला यातून एकच अर्थ लागला, की सरकारी यंत्रणा कंपनीच्या बाजूने आहे. एप्रिलमध्ये जपानच्या सॉफ्टबँक या गुंतवणूकदार समूहाने 90 कोटी युरो गुंतवण्याची घोषणा केली, तेव्हा हा समज आणखी पक्का झाला.

त्याच सुमारास वार्ताहर फिलिपीन्समध्ये जाऊन वायरकार्डच्या भागीदार कंपन्यांचे पत्ते शोधत होते. एका पत्त्यावर निवृत्त खलाशाचे कुटुंब राहत होते, तर दुसऱ्या ठिकाणी पर्यटकांसाठी बसगाड्या पुरवणाऱ्या कंपनीचे कार्यालय होते. अशा बातमीला कंपनीने व्यवहाराची कागदपत्रे दाखवूनच उत्तर द्यायला हवे होते. वायरकार्डने मात्र वृत्तपत्र आणि सट्टेबाज यांचे संगनमत असल्याचा आरोप केला आणि कायदेशीर कारवाईचा मार्ग धरला. जून 2020 मध्ये ताळेबंदातील 190 कोटी युरोंच्या रोख शिलकीचा पुरावा मिळत नसल्याने ईवाय या लेखापरीक्षकांनी हिशोबांवर सही करण्यास नकार दिला आणि त्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सिंगापूरच्या बातमीपासून तोवर जवळजवळ सतरा महिने लोटले होते, आणि मधल्या काळात भाव बराच सावरलाही होता. बाहेर पडण्यासाठी गुंतवणूकदाराला इतका अवधी क्वचितच मिळतो.

म्हणून शोधवृत्त हाती आले की मी त्यातील विधाने वेगळी करतो. अनामिक सूत्रांच्या हवाल्याने आलेली विधाने बाजूला ठेवतो. ती खोटी असतात म्हणून नव्हे, तर मला ती तपासता येत नाहीत म्हणून. उरलेली विधाने कंपनीच्याच वार्षिक अहवालांशी ताडून पाहतो. नफा वाढत असताना कामकाजातून येणारी रोख का वाढत नाही, तिजोरीत एवढी रोख असताना कंपनी नव्याने कर्ज का काढते, संबंधित पक्षांशी (प्रवर्तकांच्या इतर कंपन्या, नातेवाईक वगैरे) झालेल्या व्यवहारांची टीप दरवर्षी लांबत का चालली आहे, प्रवर्तकांचे समभाग तारण आहेत का, असे प्रश्न घेऊन बसले तर निम्मे शोधवृत्त घरबसल्या पडताळता येते.

डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या बाबतीत तर हे आणखी सोपे होते. कोब्रापोस्ट या वृत्तसंकेतस्थळाने जानेवारी 2019 मध्ये 31,000 कोटी रुपये इतरत्र वळवल्याचा आरोप केला, तो मुख्यतः सार्वजनिक नोंदींच्या आधारे. कंपनीने आरोप फेटाळले. जूनमध्ये व्याजाचे हप्ते थकले, नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले आणि 2021 मध्ये भागधारकांच्या हाती शून्य उरले. पतमानांकन संस्थांचे सर्वोच्च मानांकन या आरोपांच्या वेळीही कायम होते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये.

प्रत्येक लेखात घोटाळ्याचा थेट आरोप असतोच असे नाही. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे आपल्याला परिचित झालेल्या एन्रॉनवर बेथनी मॅक्लीन यांनी मार्च 2001 मध्ये फॉर्च्यूनमध्ये लिहिले, तेव्हा ही कंपनी नेमका पैसा कशी कमावते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. कंपनीला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही आणि डिसेंबरमध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

लिहिणाऱ्याचा हेतू काय, असेही येथे काही सदस्यांनी विचारले आहे. भाव पडल्यास ज्यांना थेट फायदा होतो अशा शॉर्ट सेलरचा अहवाल आणि वृत्तपत्राचे शोधवृत्त यांत फरक करावा, हे मान्य. पण फायदा आहे म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. उलटही घडते. थेरानोस या रक्तचाचणीच्या अमेरिकी कंपनीमध्ये रुपर्ट मर्डोक यांनी स्वतःचे साडेबारा कोटी डॉलर गुंतवले होते आणि तिचे पितळ उघडे पाडले ते त्यांच्याच मालकीच्या वॉल स्ट्रीट जर्नलने. आणि शोधवृत्त आले नाही म्हणून कंपनी स्वच्छ, असेही मानू नये. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीतील हजारो कोटींची बनावट शिल्लक 7 जानेवारी 2009 रोजी खुद्द अध्यक्षांच्या कबुलीपत्रातून उजेडात आली.

आपल्या बाबतीत सांगायचे तर, ही गुंतवणूक पूर्ण बुडाली तरी झेपेल इतपत आजच कमी करावी. कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला बातमीतील एका ठरावीक आकड्याबद्दल लेखी प्रश्न पाठवावा आणि उत्तरासाठी पुढच्या तिमाही निकालापर्यंत थांबावे. तोवर लेखापरीक्षकांनी राजीनामा दिला किंवा निकालाची तारीख समाधानकारक कारणाशिवाय पुढे ढकलली गेली, तर भाव काय आहे हे न पाहता उरलेले समभागही विकून टाकावेत.