ट्रेलरच्या बॅटऱ्यांसाठी 1,600 डॉलर घालावेत का?

प्रश्न: आम्ही कॅनडात, कॅल्गरीत राहतो. दोन वर्षांपूर्वी 24 फुटी जुना ट्रेलर घेतला, गाडीमागे ओढायचा, आत राहायची सोय असलेला. उन्हाळ्यात साधारण 14 रात्री बाहेर असतो, त्यातल्या 10 विजेची जोडणी असलेल्या जागांवर. हिवाळाभर ट्रेलर भाड्याच्या उघड्या आवारात असतो. यंदा मे महिन्यात बघतो तर दोन्ही बॅटऱ्या गेलेल्या, एकीचा डबा फुगून तडकलेला. नवरा म्हणतो, लिथियमच्या दोन बॅटऱ्या आणि त्यांना चालणारा चार्जर असं मिळून 1,600 डॉलरचं 24 हप्त्यांत घेऊ. मला वाटतं, ऑक्टोबर ते एप्रिल ट्रेलर गरम गोदामात ठेवावा. महिन्याला 80 डॉलर जास्त पडतील. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्या आरईएसपीत (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) यंदा निम्मेच पैसे गेलेत. काय करू?

उत्तर: ताई, तुम्ही दोघंही धरून चालला आहात की बॅटऱ्या थंडीने गेल्या. मला वाटतं, त्या रिकाम्या झाल्या म्हणून गेल्या. हे आधी सांगतो, कारण पुढचा सगळा हिशेब यावर फिरतो.

पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे 50 अंशांपर्यंतही गोठत नाही. अर्धी उतरलेली उणे 25 च्या आसपास गोठते आणि पार रिकामी झालेली उणे सात-आठलाच. बॅटरी उतरते तसं आतल्या ॲसिडचं पाणी होत जातं, म्हणून असं होतं. आता तुमच्या ट्रेलरमधला गॅसगळतीचा डिटेक्टर बघा. तो रात्रंदिवस साधारण 0.1 अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला 2.4 अँपिअर-तास. दोन बॅटऱ्यांचे मिळून 200 धरले तरी 80-85 दिवसांत तळ दिसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर सोडलेल्या बॅटऱ्या जानेवारीच्या सुरुवातीला रिकाम्या, आणि त्याच सुमारास आपल्याकडे पारा उणे तिसाकडे जातो. डबा तडकला तो तेव्हा. बॅटरीचा स्विच बंद केला होता असं म्हणाल, पण बऱ्याच ट्रेलरमध्ये डिटेक्टरची वायर त्या स्विचच्या आधीच जोडलेली असते.

म्हणून गरम गोदामाचा पर्याय मी आधी बाजूला काढतो. सात महिन्यांचे 560 डॉलर, पाच वर्षांत 2,800. एवढं करून डबा तडकला नसता, पण डिटेक्टरने बॅटरी तिथेही रिकामी केलीच असती. रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ती पुन्हा पूर्वीसारखी चार्ज होत नाही. पाण्याच्या नळ्यांची काळजी असेल तर त्या रिकाम्या करून गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ (ट्रेलरच्या नळ्यांसाठीचं, न गोठणारं द्रव) भरलं की काम होतं.

तुमच्या यजमानांचा विचार चुकीचा नाही. लिथियम हलकी असते, जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि नीट वापरली तर दहा वर्षंही जाते. पण तिला शून्य अंशांखाली चार्ज करायचं नसतं, आणि अनेक कंपन्यांच्या पत्रकात साठवणुकीची खालची मर्यादा उणे 20 च्या आसपास असते. कॅल्गरीच्या हिवाळ्यात तीही काढून घरी आणावीच लागेल. काढण्या-बसवण्याचा त्रास वाचेल म्हणून 1,600 मोजत असाल, तर तो वाचत नाही.

बॅटरीची खरी गरज लागते ती वीज नसलेल्या चार रात्री. (ट्रेलर ओढताना आणीबाणीच्या ब्रेकलाही ती लागतेच, म्हणून तिच्याशिवाय निघू नका.) लिथियम दहा वर्षं टिकली तरी अशा 40 रात्री होतात, रात्रीला 40 डॉलर. दोन नव्या लेड-ॲसिड बॅटऱ्या 320 ला आणि आपोआप थांबणारा स्मार्ट चार्जर 70 ला धरला तर 390 होतात. त्या पाच वर्षं टिकल्या तर 20 रात्री, रात्रीला साडेएकोणीस. शिवाय दहा वर्षं हाच ट्रेलर ठेवाल का, हे तुम्हालाही आज सांगता येणार नाही.

उरतात 1,210 डॉलर. त्यातले 1,200 मुलीच्या आरईएसपीत घाला. वर्षाच्या पहिल्या 2,500 वर सरकार 20 टक्के अनुदान देतं, म्हणजे तुमच्या 1,200 वर 240 डॉलर तिच्या खात्यात येतील. बॅटरीच्या हप्त्यांपेक्षा हे मला फार जवळचं वाटतं, आणि इथे मी आग्रहच धरेन.

आता बॅटऱ्या टिकवायच्या कशा. ऑक्टोबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ट्रेलर ठेवायला जाल, तेव्हा जोडण्यांचा फोनवर फोटो काढा. आधी निगेटिव्ह वायर सोडवा, मग पॉझिटिव्ह. एकेक बॅटरी 25 किलोच्या घरात जाते, दोघांनी उचला. टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. पूर्ण चार्ज करून मग डिस्टिल्ड वॉटर घाला, प्लेटांच्या वर पाणी राहील इतपत. भारनियमनाच्या दिवसांत गावी इन्व्हर्टरच्या बॅटरीला घालायचो तेच पाणी, तेच काम. गॅरेजमध्ये ठेवा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे तळघरात फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) किंवा गिझरच्या ज्योतीजवळ नकोच. काँक्रीटवर ठेवली तर उतरते ही भीती सोडा, आजच्या प्लास्टिकच्या डब्यांना काही होत नाही.

माझ्या दोन बॅटऱ्या गॅरेजमध्ये कपाटाखाली असतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा ठेवतो आणि मल्टीमीटर लावून येतो. 12.6 व्होल्ट दिसले की झाकण बंद. 12.4 च्या खाली गेलं तर रात्रभर चार्जर. पाच मिनिटांचं काम आहे.

तडकलेली बॅटरी चुकूनही चार्जरला लावू नका. नव्या घेताना दोन्ही जुन्या दुकानात नेऊन द्या, नव्यांवर घेतलेली अनामत रक्कम परत मिळते.

पुढच्या उन्हाळ्यात वीज नसलेल्या रात्री किती झाल्या ते लिहून ठेवा. चाराच्या पंधरा झाल्या, फर्नेसचा पंखा रात्रभर चालवावा लागला आणि पहाटे बॅटरी बसू लागली, तर मला परत लिहा. तेव्हा मीच लिथियम घ्या म्हणेन, फक्त हप्त्यांवर नको, रोखीने घ्या.