सगळे पन्हाळ्याला चाललेत, हा नको म्हणतोय

एप्रिल-मे आला की समुपदेशनात हा प्रश्न हमखास येतो. या वेळी विचारणारी आई होती, मुलाची दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. "मॅडम, वर्गातली पाच पोरं पन्हाळ्याला चाललीत. ह्याला दोनदा बोलावलं, हा पोटात दुखतंय म्हणतोय. जबरदस्तीनं घालवू, का राहू दे?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दोन्ही नको. ढकलून पाठवलेला मुलगा दिवसभर अंग चोरून बसतो आणि 'मला हे जमत नाही' एवढंच पक्कं करून घरी येतो. राहू दिलं तर त्या क्षणी हायसं वाटतं आणि तिथंच घात होतो, कारण टाळल्यावर बरं वाटतं हे मन शिकतं. पुढच्या वेळी पोट आठवडाभर आधीच दुखायला लागतं.

आधी एक तपासलं: हा नुसता लाजाळू आहे का? लाजाळू मूल तासाभरात रुळतं. हा मुलगा वर्षभर हजेरीला जेमतेम ओठ हलवत होता, लग्नाच्या पंगतीत बसत नव्हता, दुकानदारानं वीस रुपये कमी दिले तरी मागत नव्हता. त्रास सहा महिन्यांहून जुना आणि रोजचं जगणं अडवणारा असेल, तर ती सामाजिक चिंता, म्हणजे लोक आपल्याला बघतील, हसतील याची सततची भीती, समजून काम सुरू करावं. बहुतेकांत ती याच वयात डोकं वर काढते. आणखी एक खूण होती. सहलीच्या ग्रुपवरचा एकूण एक मेसेज तो वाचत होता. म्हणजे जायचं होतं. ज्याला खरंच एकटं राहायला आवडतं, त्याला गडावर पाठवायचा अट्टहास करू नये.

पन्हाळ्यात नेमकं काय नको, असं विचारल्यावर उत्तर आलं, "सगळंच." मग दिवस सकाळपासून उलगडला आणि प्रत्येक तुकड्याला भीतीचे शंभरपैकी गुण द्यायला सांगितले. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर पोरं येईपर्यंत थांबणं ४०. एसटीत कुणाशेजारी बसायचं, ६०. वाघबीळच्या पुढं चढाला मळमळलं तर, ५५. सगळ्यांसमोर झुणका-भाकर खाताना हात थरथरला तर, ८५. ऊन, चालणं, वीसेक किलोमीटरचा प्रवास यादीतच नव्हता. भीती गडाची नव्हतीच. ज्या मिनिटांत काही करायचं नसतं आणि लोक आपल्याकडं बघतायत असं वाटतं, त्या मिनिटांची होती.

हातात तीन आठवडे होते. रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी एकट्यानं जाऊन 'तिखट कमी' सांगणं, ही पहिली पायरी. चार संध्याकाळी तेच केलं. एकदाच करून भागत नाही, आकडा निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी घ्यायची. मग ग्रुपवर 'मी येतोय' टाकणं. हा मेसेज त्यानं दोनदा टाकून दोनदा डिलीट केला होता. मग एका मित्राबरोबर मिसळ, आणि मध्येच हात वर करून 'कट वाढा' (कट म्हणजे मिसळीचा रस्सा) म्हणणं. इथं गाडी अडली. पहिल्या वेळी तो खाली मान घालून खात राहिला, बोललाच नाही. पायरी उंच झाली होती. मग मधली पायरी घातली: आधी आईबरोबर जाऊन कट मागायचा, मग मित्राबरोबर.

प्रत्येक वेळी आधी वहीत अंदाज लिहायचा: काय होईल, किती टक्के खात्री. घरी आल्यावर पुढच्या रकान्यात फक्त घडलेलं. 'सगळे हसतील, ९०' असं लिहिलेल्या ओळीपुढं 'वाढप्यानं कट वाढला, बघितलंही नाही' असं आलं. समजुतीच्या दहा गोष्टींनी जे होत नाही, ते अशा एका ओळीनं होतं.

जास्त वेळ गेला तो लपायच्या जागा शोधण्यात. कानात इयरफोन, घाम दिसू नये म्हणून काळा टी-शर्ट, आणि 'मी काढतो फोटो' म्हणून कायम कॅमेऱ्यामागं राहणं. ही मदत वाटते, पण निभावलं की श्रेय इयरफोनला जातं, मुलाला नाही. त्यामुळं इयरफोन घरी, आणि निदान दोन फोटोंत स्वतः उभं राहायचं असं ठरलं. सगळ्यात घातक सवय वेगळीच निघाली: लघवीला जायची वेळ येऊ नये म्हणून तो सकाळपासून पाणी पीत नसे आणि उपाशी निघे. उन्हाळ्यात अशानं डोकं गरगरतं, छातीत धडधडतं, आणि मुलाला वाटतं भीतीच वाढली. म्हणून पोहे खाऊन निघायचं, लिटरभराची बाटली, आणि दुपारच्या आत ती संपवायची.

आईलाही काम होतं, खरं तर काम न करण्याचं. तिनं एका मित्राच्या आईला फोन करून 'जरा सांभाळून घ्या' म्हणून ठेवलं होतं. तो मित्र मग दर पाच मिनिटांनी 'बरा आहेस ना?' विचारणार, हे सांगितल्यावर तिनंच दुसरा फोन करून ते मोडून टाकलं. दिवसभरात एकच फोन, तोही मुलानं करायचा. आणि असह्य झालं तर? घरची एसटी पकडायची नाही. दहा मिनिटं बाजूला जायचं, आकडा थोडा उतरला की परत यायचं. भीती शिगेला असताना पळ काढला की तीच आठवण राहते.

लक्ष स्वतःच्या छातीकडून बाहेर वळावं म्हणून एक कामगिरी दिली: अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठारांत सगळ्यात मोठं कोणतं ते बघून बाकीच्यांना सांगायचं. उत्तर गंगा. त्याला ते माहीत होतं. प्रश्न ते मोठ्यानं सांगण्याचा होता.

दिवस कसा गेला? गडावरच्या 'तीन दरवाजा'पर्यंत तो गप्पच. जेवताना व्हायचं तेच झालं: हात थरथरला, ताकाचा पेला कलंडून भाकरीच्या ताटात. "भावा, हळू की, पळतंय काय ताक?" सगळे हसले. आकडा ८५. तो उठून तटाशी गेला, खालचे रस्ते बघत उभा राहिला, आकडा ५० वर आल्यावर परत आला. भाकरी गार झाली होती, ती खाल्ली. दुपारी वळीव आला तेव्हा सगळे अंबरखान्यात शिरले आणि गंगेचं वाक्य तिथं बोलून झालं. कुणी फारसं ऐकलं नाही.

आईला एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, ती राहून गेली. दारातच तिनं विचारलं, "मजा आली?" या प्रश्नाला 'हो' म्हणावं तर खोटं, 'नाही' म्हणावं तर हरल्यासारखं. मुलगा खोलीत गेला आणि रात्री दोनपर्यंत ताक आठवत पडला. ही रात्रीची उजळणी सहलीइतकीच महत्त्वाची. 'काय काय झालं?' एवढंच विचारावं, आणि झोपायच्या आधी वही भरून घ्यावी.

पुढच्या भेटीत वहीत अंदाज होता: 'ग्रुपवर ताकाचा विषय दोन दिवस, ९०.' ग्रुप उघडून मोजलं. ताकावर एक मेसेज, हसऱ्या चेहऱ्यासकट. पावसात तुटलेल्या एका मित्राच्या चपलेवर सत्तावीस.

काही मुलांना एवढ्यानं भागत नाही. शाळा-कॉलेज बंद पडलं, झोप-भूक गेली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर पायऱ्या मोजत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडं न्यावं. औषधाचा निर्णय त्यांचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं.

या मुलाच्या वहीत सध्या पुढची ओळ आहे: अकरावीसाठी एसटीचा पास, खिडकीवर एकट्यानं. अंदाज, 'मागचे लोक ओरडतील, ७०.' पुढचा रकाना अजून कोरा आहे.