डायनिंग टेबलावरचा हँगिंग लाइट मधोमध येत नाहीये, स्लॅबमधला पॉइंट सरकवून घ्यावा का?

नको. स्लॅब अजिबात फोडू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण वायरमन "झिरी मारून (म्हणजे स्लॅबमध्ये लांब खाच पाडून) पाइप सरकवतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे" म्हणाला असेल तर त्याला आजच फोन करून नाही म्हणून सांगा.

तुमची अडचण थोडक्यात अशी की बिल्डरने डायनिंगच्या सीलिंगला एक पॉइंट दिलाय, तुम्ही क्रोकरी युनिट करून घेतलं, त्यामुळे टेबल सरकलं आणि आता लाइट टेबलाच्या मध्यापासून दीड फूट बाजूला लटकतोय, आणि फॉल्स सीलिंग करायचं नाहीये. मी इंटिरियरच्या साइटवर सुपरव्हिजन करतो, आणि खरं सांगू का, पॉइंट बरोब्बर टेबलाच्या डोक्यावर आलेला फ्लॅटच क्वचित बघायला मिळतो. कारण साधं आहे, स्लॅब ओतायच्या आधी शटरिंगवर, म्हणजे स्लॅबच्या साच्यावर, लाइटच्या वायरचा बॉक्स बसवतात, सळईच्या जाळीवरून पाइप फिरवतात आणि मग काँक्रीट पडतं, तेव्हा ड्रॉइंगमध्ये खोलीचा मध्य असतो, तुमचं टेबल कुठे असतं? वर काँक्रीट ओतताना धक्का लागून बॉक्स दोन-चार इंच हलतो तो वेगळाच.

आता झिरी का नको ते. स्लॅबच्या खालच्या सळईला काँक्रीटचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा थर, असतो साधारण 20 मिलिमीटर, आणि वायरिंगचा पाइप असतो 20 किंवा 25 मिलिमीटरचा. म्हणजे पाइप लपेल एवढी झिरी मारायची तर सळई उघडी पडणार किंवा कटरखाली येणार, दुसरं काही होऊच शकत नाही. मग वरून पुट्टी मारून रंग काढला तरी आत ती गंजायला मोकळी. भिंतीत झिरी मारणं वेगळं आणि स्लॅबमध्ये वेगळं, हे बऱ्याच वायरमनना माहीत असतं पण गिऱ्हाईक मागे लागलं की मारतात. शिवाय तुमचं सीलिंग म्हणजे वरच्या फ्लॅटची जमीन आहे. आणि पझेशन घेऊन पाच वर्षं झाली नसतील तर रेराच्या (घरबांधणीच्या) कायद्याने स्ट्रक्चरल दोषाची जबाबदारी अजून बिल्डरवर आहे, पण तुम्हीच स्लॅबला कटर लावलात की तो हात वर करणार.

तर पॉइंट आहे तिथेच राहू दे, लाइट सरकवायचा.

त्याआधी एकच बघा, लाइट टेबलाच्या लांबीच्या दिशेने सरकलाय की रुंदीच्या? कारण उपाय त्यावर ठरतो. लांबीच्या दिशेने असेल तर सगळ्यात सुबक काम म्हणजे लांब पट्टीचा लाइट घ्यायचा, तीन दिव्यांचा, ज्याची वरची प्लेट तीन-साडेतीन फुटांची असते. लोकांना वाटतं वायर प्लेटच्या मध्यातूनच आत यायला पाहिजे, तसं काही नाही, प्लेटने फक्त जुना बॉक्स झाकला पाहिजे. साडेतीन फुटी प्लेट म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे 21 इंच, त्यामुळे तुमचं दीड फुटाचं अंतर म्हणजे 18 इंच त्यात निवांत बसतं, वायर एका टोकाजवळून आत येते आणि दिवे टेबलाच्या मधोमध. खालून बघणाऱ्याला काही कळत नाही. फक्त प्लेट स्लॅबला स्वतंत्र फास्टनरने लावायची, जुन्या बॉक्सच्या स्क्रूवर टांगायची नाही.

रुंदीच्या दिशेने सरकला असेल तर ही पट्टी उपयोगाची नाही, मग हूक. टेबलाच्या मध्याच्या बरोबर वर स्लॅबला एक हूक लावायचा, जुन्या बॉक्समधून वायर काढून हूकपर्यंत न्यायची आणि तिथून खाली सोडायची. माझ्या मते दीड फुटासाठी हे सगळ्यात स्वस्त आणि नीट केलं तर मुद्दाम केलेलं डिझाइन वाटतं. नीट केलं तर. वायर एक तर पूर्ण ताणलेली हवी नाहीतर चांगली चार-पाच इंच झोल दिलेली, मधलंच काहीतरी केलं की बाल्कनीतल्या कपड्याच्या दोरीसारखं दिसतं.

मध्य काढताना टेपने भिंतींपासून मापं घेत बसू नका, भिंती काटकोनात नसतात. टेबलावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे तिरके ताणा, जिथे एकमेकांवर येतात तिथे मास्किंग टेपवर फुली मारा. मग शिडीवर चढून गवंड्याचा ओळंबा सीलिंगला धरून सोडा आणि त्याचं टोक फुलीवर येईपर्यंत वरचा हात सरकवत राहा, आला की पेन्सिलीने खूण. खाली कोणीतरी वाकून बघणारं हवं, आणि फॅन बंद ठेवा नाहीतर ओळंबा थांबतच नाही. हे करायच्या आधी टेबल त्याच्या कायमच्या जागी आहे ना, मागे खुर्ची ओढून माणूस उठू शकेल इतकी अडीच फूट जागा आहे ना, ते बघून घ्या.

ड्रिल हॅमरचं लागेल, साधं ड्रिल काँक्रीटवर नुसतं किंचाळतं. बिटला दीड इंचावर टेप गुंडाळा आणि त्याच्या पुढे जाऊ नका, कारण वर पाइप असू शकतो, आणि बॉक्सपासून स्विचबोर्डच्या भिंतीकडे जाणाऱ्या सरळ रेषेत तर भोक पाडूच नका. मध्येच सळई लागली तर लगेच कळतं, आवाज बदलून कर्कश होतो, बिट पुढे सरकत नाही आणि करडी भुकटी पडायची थांबते. तिथे जोर लावायचा नाही, इंचभर बाजूला घ्यायचं, टेबलावर जेवताना इंचभराचा फरक कोणालाही दिसत नाही. हूकसाठी लोखंडी अँकर फास्टनर घ्या. प्लास्टिकचा प्लग भिंतीवरच्या फ्रेमला ठीक, पण डोक्यावर सतत खाली ओढलं जाणारं वजन त्याच्या भरवशावर नको, आणि लाइट काचेचा जड असेल तर अजिबातच नको.

उंचीचा हिशोब असा, टेबल जमिनीपासून 30 इंच, त्याच्यावर लाइटचं खालचं टोक अजून 30 ते 34 इंच. समजा 32 धरले तर जमिनीपासून 62 इंच झाले, सीलिंग साडेनऊ फूट म्हणजे 114 इंच, तर शेडसकट लाइट सीलिंगपासून 52 इंच खाली यायला हवा. दुकानातल्या बऱ्याच लाइटना मीटरभरच वायर येते, त्यामुळे हूकचा प्लॅन असेल तर घेतानाच जास्त वायर मागून घ्या, मध्ये हवेत जोड देऊन चिकटपट्टी मारायची नाही. जोड फक्त वर बॉक्समध्ये, कनेक्टर लावून. आणि वजन वायरच्या जोडावर न येता पकडीवर यायला पाहिजे.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. हा डायनिंगचा पॉइंट मुळात फॅनचा होता का ते बघा. बऱ्याच ठिकाणी बिल्डर फॅन पॉइंट देतो आणि आपण तिथे लाइट लावतो, मग स्विचबोर्डवर रेग्युलेटर तसाच राहतो आणि एलईडी लुकलुकतो किंवा लवकर जातो, आणि लोक बल्बला शिव्या देतात. रेग्युलेटर बायपास करून साधा स्विच द्या. आणि शेजारी दुसरा फॅन असेल तर 1200 मिलिमीटरच्या फॅनचं पातं मध्यापासून दोन फूट जातं, त्याच्या टप्प्यात वायर येता कामा नये. वाऱ्याने लाइट हलत असेल तर वायरऐवजी पाइपवाला घ्या, नाहीतर ताटावर सावल्या झुलत राहतात, मला तर जेवण जात नाही.

सीलिंगवरून केसिंग पट्टी (वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी) नेऊन पॉइंट सरकवणं हाही मार्ग आहे, सीलिंगच्याच रंगात रंगवली तर फार खुपत नाही, पण दीड फुटासाठी मी करणार नाही. फक्त टेबलापुरता जिप्समचा चौकोन टाकायचा असेल तर दिसतो छान, फक्त लाइट जिप्समला नाही, त्याच्या वरच्या स्लॅबला टांगा.

काम करताना नुसता स्विच बंद करून चालत नाही, काही जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असतो आणि बंद असतानाही होल्डरमध्ये करंट असतो. मेन बोर्डातली एमसीबी (त्या लाइनचा सुरक्षा-स्विच) पाडा, मग टेस्टर लावून बघा, मगच हात. लाइटची बॉडी धातूची असेल तर हिरवी अर्थिंगची वायर जोडलीच पाहिजे, आणि बॉक्समध्ये ती नसेल तर इथे मात्र वायरमनलाच बोलवा.

आणि उरलेली फूटभर वायर कापू नका, लाइटच्या वरच्या कपात, म्हणजे सीलिंगला लागणाऱ्या झाकणात, गुंडाळून ठेवा. घरात दिवाळीची साफसफाई निघाली की टेबल पुन्हा कुठेतरी सरकतंच.